पेटीतली सगळ्यात सुंदर स्लाइड

रक्ताचा विषय मला मनापासून आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. नसता आवडत, तर पुढचं सगळं कदाचित इतकं लागलं नसतं.

बारावीनंतर मी ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेले. घर कल्याणला. पप्पा तिथल्या फुलबाजारात एका आडत्याकडे कामाला. पहाटे उठून जायचे, दुपारी जेवायला आले की घरभर शेवंतीचा वास पसरायचा. ते बाजारात सगळ्यांना सांगायचे, आमची पोरगी रक्त बघून रोग ओळखते. मी सांगायचे, पप्पा, रोग डॉक्टर ओळखतात, आम्ही फक्त दिसतं ते लिहितो. ते म्हणायचे, तेच ते.

कोर्समध्ये लघवी, शुगर, जंतू असं सगळंच होतं, पण मी रमायचे ती रक्ताच्या प्रॅक्टिकलला. काचेच्या पट्टीवर एक थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो एका दमात पुढे ओढायचा. हात मध्येच अडखळला की पट्टे पडतात, थेंब मोठा झाला की जाड थर बसतो. नीट जमलं तर रक्त पुढे पुढे पातळ होत जातं आणि शेवटी जिभेसारखं टोक उरतं. मग त्यावर रंग, मग पाणी, मग वाळवणं. लेन्सवर तेलाचा थेंब टाकून डोळा लावला की फिकट गुलाबी पेशींच्या मैदानात मधूनच एखादी जांभळी पांढरी पेशी सापडते. ती कुठल्या जातीची आहे ते बघायचं, मोजायचं, पुढे सरकायचं. याचा मला कधीच कंटाळा आला नाही.

स्लाइड बनवण्यात माझ्या मैत्रिणीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती डोंबिवलीची. पहिल्याच दिवशी एका बाकावर बसलो आणि मग तसेच राहिलो. रक्त काढायची सवय व्हावी म्हणून आम्ही एकमेकींच्या हातात सुया टोचल्या. माझा डावा दंड तिच्यामुळे कितीदा तरी निळा पडलेला. ती बनवायची, मी वाचायचे, अशी आमची जोडी. मॅडम म्हणायच्या, तुम्हा दोघींची मिळून एक चांगली टेक्निशियन होते. ती आमच्या घरी खूपदा यायची. आमचं गाव जुन्नरकडचं, त्यामुळे आई मासवडी फार चांगली करते. ती केली की आई स्वतःहून म्हणायची, तिला पण बोलव गं.

शेवटच्या वर्षी माझी पोस्टिंग रक्तपेढीत लागली, तिची रक्त काढायच्या खोलीत. त्याच काळात मॅडमच्या पेटीत एक नवी स्लाइड आली. शिकवण्यासाठी ठेवलेल्या स्लाइड्सची ती लाकडी पेटी होती. कुठल्याच स्लाइडवर पेशंटचं नाव नसायचं, नुसता नंबर.

मी ती लेन्सखाली लावली आणि बघतच राहिले. जिथे एखाददुसरी पांढरी पेशी दिसायची, तिथे सगळी पांढऱ्या पेशींची गर्दी. नुकत्या जन्मलेल्या, अर्ध्या वाढलेल्या, पूर्ण वाढलेल्या. ज्यांनी अजून हाडाच्या मगजात असायला हवं त्याही बाहेर आलेल्या, जणू पहिलीपासून दहावीपर्यंतची सगळी शाळा एकदम रस्त्यावर आली होती. पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतं ते सगळं एका जागी. आणि थर इतका एकसारखा की एकही पेशी दबलेली नाही. हळूहळू वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरची स्लाइड होती ती.

"अगं, ये ना, बघ काय सुंदर स्लाइड आलीये," मी मैत्रिणीला हाक मारली.

तिने क्षणभर डोळा लावला. "बघितलीये मी," म्हणाली आणि उठून गेली. तिला बरं नसेल असं मला वाटलं.

मी ती स्लाइड पाठ केली. मॅडमनी विचारलं तेव्हा एकेक पेशी बोट ठेवल्यासारखी सांगितली. मॅडम सहसा कोणाचं कौतुक करायच्या नाहीत. त्या दिवशी त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. बस खाली."

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. गर्दी कशी होती, पेशी कशा होत्या, मॅडम काय म्हणाल्या. पप्पा ऐकत होते. अलीकडे ते कमी जेवायचे, दोन घासांत पोट भरलं म्हणायचे.

"मग त्या माणसाला आतून काही कळतं का गं?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला नाही कळत. थकवा येतो. डाव्या बाजूला पोट जड होतं."

आई पाणी आणायला उठली. तांब्या ताटाशेजारी भरलेलाच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"आणि इलाज?"

"गोळी आहे ना आता. रोज घ्यायची, कायमची. बहुतेकांचं छान चालतं."

"आणि बाकीच्यांचं?"

"काही जणांना गोळी लागू नाही पडत. मग एकदम बिघडतं."

"बिघडतं म्हणजे?"

"म्हणजे मरतात, पप्पा."

त्यांनी मान हलवली आणि पोळीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. मग म्हणाले, "हुशार आहेस." मला फार बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी त्यांचे डोळे सुजलेले दिसायला लागले. आई म्हणाली, फुलांवर औषध मारतात ना, त्याची ॲलर्जी. रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. आई म्हणाली, दिवसभर उभं राहून होतं. मी मान डोलावली. परीक्षा तोंडावर होती. घरात टीव्हीसुद्धा बंद ठेवायचे माझ्यासाठी.

प्रॅक्टिकल परीक्षेत तीच स्लाइड लागली. मी लांबूनच ओळखली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलेलं सगळं सांगितलं आणि पूर्ण मार्क मिळाले. त्या दिवशी पप्पांनी बाजारातून निशिगंधाचा मोठा गुच्छ आणला.

परीक्षा संपल्यावर त्याच हॉस्पिटलात आमची इंटर्नशिप सुरू झाली. एक दिवस आई-पप्पा म्हणाले, आम्ही शहाडला आत्याकडे जातोय, यायला उशीर होईल. मैत्रिणीनेही त्या दिवशी सुट्टी टाकलेली. दुपारी वॉर्डातून सॅम्पल आणायला मी वरच्या मजल्यावर गेले. ओपीडीसमोरच्या बाकावर ते तिघं बसले होते. मध्ये पप्पा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण. फाइल तिच्या मांडीवर उघडी होती. ती बोट ठेवून काहीतरी समजावत होती आणि पप्पा तिच्याकडे मान झुकवून ऐकत होते. फुलांचा भाव ऐकताना ते असेच ऐकतात, पूर्ण लक्ष देऊन. माझं कुठलंही बोलणं त्यांनी तसं ऐकलेलं मला आठवेना.

आईने मला आधी पाहिलं.

"बस इथे," पप्पा म्हणाले.

मी उभीच राहिले. दारावरच्या पाटीवर रक्ताच्या आजारांचा विभाग असं लिहिलेलं होतं. ती वाचायची मला गरज नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अगं, तुझी परीक्षा होती," आई म्हणाली. माझ्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण त्यातच सगळं आलं.

मी सॅम्पलचा ट्रे घेऊन खाली आले. मैत्रीण मागोमाग आली. आम्ही ॲप्रन ठेवायचो त्या खोलीत तिने दार लावलं आणि सगळं सांगितलं. पप्पांना थकवा यायचा म्हणून आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. पप्पा ठाण्यालाच आले, कारण तिथली लॅब चांगली असं मीच सांगायचे. मला न सांगता आले, कारण उगाच घाबरेल. रक्त काढायच्या खोलीत समोर ती. मशीनने पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच दाखवला, म्हणून स्लाइड करावी लागली.

"कोणी केली?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मीच. चांगली आली म्हणून मॅडमनी पेटीत ठेवली. मी नको म्हणाले होते."

मी तिथल्या स्टुलावर बसले. पूर्ण मार्क, मॅडमची ती नजर, गुच्छ, सगळं एकावर एक येत होतं. महिनोन् महिने मी माझ्या बापाचं रक्त सुंदर सुंदर म्हणत होते आणि शेजारी बसून ही ऐकत होती.

"काकांनी शपथ घातलेली," ती म्हणाली. "मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"आणि मग तू परीक्षा दिली असतीस?"

नसती दिली, हे तिलाही माहीत होतं. ती रडत होती. मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो सगळ्यात जास्त तिच्या मांडीवरच्या त्या फाइलचा. तपासण्यांना ती पप्पांसोबत गेली होती. गोळी जेवणानंतर घ्यायची, डोळे सुजले तर घाबरायचं नाही, हे सगळं तिने आईला समजावलं होतं. घरात हे ज्याला कळतं असं एकच माणूस होतं, ती मी, आणि मलाच बाहेर ठेवून माझ्या जागी तिला बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, दार लोटलं.

"पेशंटने सांगू नका म्हटलं की सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुला मीच शिकवलंय. पेशंट तुझे वडील आहेत म्हणून नियम बदलत नाही."

"पण ती स्लाइड मला का दिलीत, मॅडम? परीक्षेत का लावली?"

"पेटीत ठेवताना ती फक्त एक चांगली स्लाइड होती," त्या म्हणाल्या. "तू वाचायला लागलीस तेव्हा मला जाणवलं, मी काय करून बसलेय ते. पण तेव्हा ती तुझ्याच हातातून काढून घेतली असती तर तू विचारलं असतंस. आणि परीक्षेच्या स्लाइड्स मी नाही निवडल्या."

त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला तिथे भांडता आलं नाही. मी त्यांना दरवेळी वाकून नमस्कार करायचे, त्या दिवशी तशीच निघून आले.

घरी पप्पांशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसले. आई मुद्दाम बाहेर गेली.

"तिला विचारलंत, मला का नाही विचारलंत?" मी म्हणाले.

"तुला विचारलं असतं तर तू मुलगी म्हणून बोलली असतीस. बरं होईल, काही होत नाही, असं."

"ती काय बोलली मग?"

"ती पण गोडच बोलली. डॉक्टर पण गोड बोलले. तुमच्या मॅडमही." ते म्हणाले. "खरं एकटी तूच बोललीस. त्या रात्री जेवताना."

ते समजूत काढत होते, त्यांना वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. मला मात्र कोणीतरी खिशात हात घालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मरतात, पप्पा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते, आणि त्यांनी ते माझ्याकडून ठरवून म्हणवून घेतलं होतं. माहीत असतं तर मी ते कधीच म्हणाले नसते, आणि मी काय म्हणायचं हे ठरवण्याचा हक्क माझा होता.

"असं करायला नको होतं तुम्ही," मी म्हणाले.

"नसेल," ते म्हणाले. "पण मला त्याचा उपयोग झाला."

याहून जास्त आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

पप्पांना गोळी लागू पडली. पांढऱ्या पेशी उतरल्या, पोटाचा जडपणा गेला, वजन वाढलं. आजही ते पहाटे बाजारात जातात, फक्त जड क्रेट उचलत नाहीत. कोणी भेटलं की आई म्हणते, देवाने वाचवलं, आणि ते खरंच आहे. एवढं चांगलं झाल्यावर मी अजून मनात धरून बसलेय याचं तिला नवल वाटतं. मलाही कधी कधी वाटतं.

मैत्रिणीशी मी भांडले नाही. फक्त फोन कमी केले, मग बंद केले. इंटर्नशिप संपल्यावर ती पुण्याला नोकरीला लागली. तिच्या लग्नाचं आमंत्रण माझ्या मोबाइलवर आलं, आई-पप्पांना तर तिने घरी येऊन दिलं. ते दोघं डोंबिवलीला लग्नाला गेले. मी ड्युटी आहे म्हणून सांगितलं. परत आल्यावर पप्पा म्हणाले, ती तुझी चौकशी करत होती. मी विचारलं, जेवण कसं होतं.

आता मी डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये आहे. चांगलं काम करते, असं सगळे म्हणतात. घरात मात्र एक सवय लागलीये. आई म्हणाली डोकं दुखतंय, तर मी तिच्या पापण्या खाली ओढून बघते. पप्पा आत्याकडे जातो म्हणाले, की थोड्या वेळाने आत्याला काहीतरी निमित्त काढून फोन करते. ते तिथेच असतात. तरी करते.

पप्पांची तपासणी दर काही महिन्यांनी असते. मागच्या खेपेला त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"आता तूच काढत जा की रक्त. ठाण्याला कशाला जायचं?"

शीर चांगली ठसठशीत दिसत होती. कोणीही पहिल्या टोचणीत काढलं असतं.

"तिकडेच जा पप्पा," मी म्हणाले. "रिपोर्ट आला की मला दाखवा."

त्यांनी बाही खाली केली. "दाखवतो," म्हणाले. रिपोर्ट ते दाखवतात. मी तो पूर्ण वाचते, आणि मग लॅबच्या साइटवर जाऊन पुन्हा एकदा तपासून बघते.