सहावी वाडी

आमचे हे, म्हणजे शरद सर, महाडच्या कॉलेजात पस्तीस वर्षं गणित शिकवत होते. प्रोग्रामिंग हा त्यांचा हातखंडा विषय, पण कॉम्प्युटरचं नव्हे हो. "आहे तेवढ्या साधनांत, अटी पाळून, सगळ्यात चांगली आखणी करायची, हे आमचं प्रोग्रामिंग," असं ते सांगायचे. पुतण्या निषाद पुण्यात कॉम्प्युटरवाला. तो म्हणायचा, "काका, आम्ही मशीनला एकेक पायरी सांगून काम करून घेतो. तुमचं सगळं वहीतच." मग दोघांची जुंपायची, आणि माझा चहा गार व्हायचा.

गेल्या पावसाळ्याआधी एकदाचं दोघांचं जमलं. घाटाखालच्या सहा वाड्यांना दरडीचा धोका, आणि मदत मंडळाकडे टेम्पो दोनच. इशारा आला की आधी कोणती वाडी उतरवायची? सगळ्या माणसांचा वाट बघण्याचा वेळ मिळून कमीत कमी व्हावा, असं गणित ह्यांनी मांडलं. निषादने त्याचा प्रोग्राम लिहिला. आमच्याकडे तांदूळ घेऊन येणाऱ्या बनुबाईची वाडी सगळ्यात वर, नऊच घरं, रस्ता वाईट. ती वाडी यादीत शेवटी आली. मी म्हटलं, "अहो, म्हातारी माणसं आहेत तिथे." हे म्हणाले, "सरोज, गणितात माया आणू नकोस." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

जुलैत इशारा आला. दुपारपर्यंत पाच वाड्या सुखरूप खाली आल्या. सहावीकडे टेम्पो निघाला, तोवर दरड कोसळली होती. बनुबाई गेली.

लोक म्हणाले, सरांमुळे चारशे माणसं वाचली. निषादने प्रोग्राम तीनदा तपासला, चूक सापडली नाही. ह्यांचं गणितही बरोबरच होतं. "कुणालाही अमुक वेळाच्या वर ताटकळत ठेवायचं नाही, एवढी एक अट घालायची राहिली गं," म्हणाले, आणि ताटावरून उठले.

तेरावं झाल्यावर बनुबाईचा मुलगा सयाजी आला. ओटीवर टेकला. "सर, आमची वाडी शेवटी का व्हती?"

ह्यांनी वही उघडली, मिटली. "तसं केलं की बेरीज कमी येत होती, सयाजी."

सयाजी म्हणाला, "आय सकाळीच चालत उतरनार व्हती. मी कामावर व्हतो. मीच फोनवर सांगितलं, सर टेम्पो धाडतायत, तू बसून ऱ्हा."