सोमवारचा बाक

केराबाईच्या कडक भाकरीला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मोठी मागणी होती. कुणाकडं लग्न असो की डोहाळजेवण, दोन दिवस आधीच निरोप यायचा. भाकरी पोचवायला ती गेली की घरातल्या बाया तोंडभरून कौतुक करायच्या, आणि ओटी भरायची वेळ आली की, "बसा हं केराबाई, चहा घेऊनच जा," म्हणत तिला स्वयंपाकघरात बसवायच्या. वाईट कुणीच बोलत नव्हतं, माणसं शिकलेली होती. पण जिची कूस उजवली नाही तिला ओटी भरायला पुढं करायचं नाही, एवढं मात्र कुणाच्या शिक्षणानं सुटलं नव्हतं. केराबाई मुकाट चहा प्यायची, कप धुऊन पालथा घालायची आणि घरी यायची.

नवरा शहाजी रिक्षा चालवायचा. दोघं मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. नवस झाले, अंगारे झाले, कुणाकुणाची मुळ्यापाल्याची औषधंही पोटात गेली. शेवटी शहाजीनं भावाकडं असलेली आपल्या वाट्याची मेंढरं विकून टाकली आणि एका सकाळी चुलीपुढं येऊन बसला.

"केरा, पैशाची सोय झाली. प्रायव्हेटमदी टेस्ट ट्यूब करू. आता थांबायचं न्हाय."

त्याच्या रिक्षातून एका प्रायव्हेट सेंटरला जाणाऱ्या बाईला जुळं झालं होतं. त्यात आपलाही थोडाफार हात असल्यासारखा तो ही गोष्ट येईल त्या पॅसेंजरला ऐकवायचा. केराबाईनं मात्र हातातलं पीठ खाली ठेवलं.

"आन् न्हाई झालं तर? मेंढरं बी गेली आन् पोर बी न्हाई. आदी सरकारीत बगू की. तितं काय पैसं लागत न्हाईत."

बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शहाजीनं हो-नाही करत मान डोलावली.

सरकारी दवाखान्यात दर सोमवारी बायकांची ओपीडी असायची. पोटुशी असलेल्या आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या, सगळ्यांची रांग एकच आणि बसायचा लांबलचक बाकही एकच. पुरुषांना आत सोडत नसत. गेटबाहेर शहाजी रिक्षात बसून राहायचा. पहिल्याच दिवशी केराबाईच्या शेजारी अक्कलकोटकडची एक बाई येऊन टेकली. गुरम्मा तिचं नाव. पोट चांगलं पुढं आलेलं, हातात चिंचेची पुडी आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

"अक्का, कितवा म्हयना तुजा?"

केराबाईला कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"दुसरा."

"अय्यो! मग ओकारी लई व्हत असंल. घे की," म्हणत गुरम्मानं अर्धी चिंच तिच्या हातावर ठेवली. पलीकडची बाई सरकून बसली, म्हणाली, "नीट टेका वं, पाट भरून येती." कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. आयुष्यात पहिल्यांदा चार बायकांनी केराबाईला आपल्यात घेतलं होतं. ती चिंच चोखत बसली आणि तिला इतका आनंद झाला की त्या आनंदाची तिला भीतीच वाटली.

तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, दोनतीन महिने इंजेक्शनंही झाली. मग एका सोमवारी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावून सांगितलं, "ताई, याच्यापुढचं इथं काही होत नाही. टेस्ट ट्यूबची सोय आपल्याकडं नाही. तुमचं वय अडतिसाला आलंय, हातात वेळ थोडा आहे. पैशाची सोय असेल तर बाहेर दाखवा. अजिबात उशीर करू नका." याहून सरळ कुणी काय सांगायचं?

केराबाई बाहेर आली. शहाजी रिक्षाजवळ उभाच होता.

"काय म्हनल्या?"

"गोळ्या चालू ठिवा म्हनल्या. पुढल्या सोमवारी बोलावलंय."

त्यानंतर ती जवळजवळ वर्षभर त्या बाकावर जाऊन बसली. केसपेपर काढायची नाही, डॉक्टरच्या दारापर्यंतही जायची नाही. नुसती बसायची. दर खेपेला शेजारी नवी बाई, दर खेपेला तोच प्रश्न. केराबाईचं उत्तर कधी दुसरा, कधी तिसरा. आंबट काय खावं, कुठल्या कुशीवर निजावं, सासूला काय सांगावं, सगळं ती मन लावून ऐकायची. दुपारी उठून घरी आली की आठवडाभर भाकरी थापायला तिला बळ यायचं. तिला वेडी ठरवणं सोपं आहे. स्वयंपाकघरात बसवून दिलेला चहा ज्यांनी कधी प्यायला नाही त्यांनी खुशाल ठरवावं.

उद्या सांगू, पुढल्या सोमवारी सांगू, असं ती रोज ठरवायची. इकडं शहाजी भावाला फोनवर सांगायचा, "माजी केरा लई काटकसरी. नवऱ्याचा पैसा वाचावा म्हनून सरकारीत तासंतास बसती." ते ऐकताना तिला मान वर करवत नसे.

मग एका सोमवारी गुरम्मा पुन्हा भेटली. बाळाला लस टोचायला आणलं होतं, चांगलं गुटगुटीत पोर कडेवर होतं. लांबूनच तिनं "अक्का!" म्हणून हाक मारली आणि जवळ येता येता तिची नजर केराबाईच्या पोटावर गेली. कडेवर बाळ नाही, पोटही नाही. गुरम्माचा चेहरा पडला.

"गेलं व्हय गं?"

केराबाईनं होय म्हणून मान डोलावली. गुरम्मानं पोर दुसऱ्या बाईच्या मांडीवर दिलं आणि केराबाईला पोटाशी धरून रडायला लागली. आणि केराबाई? जे कधी आलंच नव्हतं त्याच्यासाठी तिनं तिथं असा हंबरडा फोडला की आतून नर्स धावत आली. सोळा वर्षांत एकदाही ती अशी रडली नव्हती. गुरम्मा तिची पाठ चोळत होती, आणि या भल्या बाईलासुद्धा आपण फसवलं या विचारानं तिला आणखीच रडू येत होतं.

पुन्हा त्या बाकावर बसायचं तिला तोंड उरलं नाही. त्याच संध्याकाळी ती शहाजीला म्हणाली, "चला, तुमच्या त्या प्रायव्हेटला जाऊ."

शहाजी नवा शर्ट घालून निघाला. सेंटरमध्ये सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. तिथले डॉक्टर सज्जन होते, उगाच आशा लावून पैसे काढणारे नव्हते. म्हणाले, "स्त्रीबीजं जवळजवळ संपली आहेत. वर्षभर आधी आला असता तर निदान प्रयत्न करता आला असता. आता दुसऱ्या बाईचं बीज घेऊन होईल, पण त्याचा खर्च मोठा, आणि खात्री मी देणार नाही." खर्चाचा आकडा ऐकून शहाजीनं मान खाली घातली. मेंढरं विकून आलेल्या पैशात ते बसणारं नव्हतं.

बाहेर आल्यावर मात्र त्याचा तोल सुटला. "वरीस खाल्लं माजं त्या सरकारीतल्यांनी! गोळ्या देत बसल्या. आत्ता जातो आन् त्या डॉक्टरनीला जाब इचारतो." त्यानं रिक्षा चालू केली. केराबाईनं पुढं वाकून त्याचा हात धरला.

"त्या बाईला काय बोलू नगा. तिनं कवाच सांगितलं व्हतं. बाहीर जा, उशीर करू नगा म्हनली व्हती. मीच तुमास्नी सांगितलं न्हाई."

शहाजीनं रिक्षा बंद केली. "का?"

पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "तितं बाकावर समद्या मला पोटुशी समजत व्हत्या. कितवा म्हयना म्हनून इचारायच्या. मी सांगायची. तेवडंच."

आता हा हात उगारील, निदान शिव्या तरी देईल, म्हणून ती अंग चोरून बसली. त्यानं दिल्या असत्या तर तिला बरंही वाटलं असतं. शहाजी हँडल धरून समोर बघत राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं. शेवटी तो तिच्याकडं वळला.

"मग मला गेटबाहीर का उबं केलंस गं? येकांदा तरी सांगायचं व्हतंस. मी बी आलो असतो की, कुनाच्या तरी हातापाया पडून. बसलो असतो तुज्याशेजारी."