बुवांचं गाणं कुठं पडलं

शुक्रवारची सुट्टी मला कधी पुरली नाही. निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्या शुक्रवारी बंद असत आणि आम्हा सेलूच्या गाणंवेड्यांची बैठक त्या सकाळी वकीलसाहेबांच्या ओसरीवर भरे. कायमचे असे आम्ही चौघंच. वकीलसाहेब, शाळेत पेटी शिकवणारे पेटीमास्तर, दोन कोसांवरच्या गावातले एक पाटील आणि मी. मी प्राथमिक शाळेत पोरांना उर्दूतून भूगोल शिकवत होतो आणि नसत्या चौकशा करण्याची खोड मला तेव्हाही होती. आई म्हणायची, ह्याला एकट्याला घरात बसवलं तर हा भिंतीला विचारील, तू उभी का.

आमचं दैवत एकच होतं. त्यांना आम्ही नुसतं बुवा म्हणत असू. राहणारे मुंबई इलाख्यातले, पण वर्षा-दोन वर्षांनी मनमाडला गाडी बदलून आमच्या मुलखात येत. त्यांच्या सात तबकड्या वकीलसाहेबांकडे होत्या आणि त्या आम्ही इतक्या वाजवल्या होत्या की कुठल्या तानेनंतर सुई खरखरणार हेही पाठ झालं होतं. बुवांचं नाव निघालं की कानाची पाळी धरायची, ही गाणाऱ्यांची रीत आम्ही न गाणाऱ्यांनीही उचलली होती. पाटील तर दोन्ही पाळ्या धरत.

एवढी भक्ती असून त्या हिवाळ्यात आम्ही ओळीनं चार शुक्रवार वाद घातला तो बुवांची सगळ्यांत पडलेली मैफल कोणती, यावर. सुरुवात एका पत्रानं झाली. बुवांनी वकीलसाहेबांना लिहिलं होतं की वय झालं, पुढं इतका प्रवास होईलसं वाटत नाही, सेलूला एकदा गाऊन जावं अशी इच्छा आहे. खाली एक ओळ होती, "जागा मागल्यासारखीच, जिनिंगच्या आवारातली असावी." जिनिंग म्हणजे गावातला कापसाची सरकी काढायचा कारखाना.

पत्र वाचून आम्ही हरखून जायला हवं होतं. तसं झालं नाही. गेल्या दोन वर्षांत बुवा आमच्या भागात तीनदा गायले होते, परभणीला, ताडकळसला एका लग्नात आणि सेलूला, आणि तिन्ही वेळा माणसं घरी जाताना गाण्याबद्दल न बोलता थंडीबद्दल बोलत होती. सेलूनं आता बोलावलं आणि चौथंही गाणं पडलं, तर बुवांची शेवटची आठवण म्हणून तेच राहणार. न बोलवावं, तर म्हाताऱ्या माणसाची इच्छा मोडायची. वकीलसाहेब म्हणाले, आधी नीट तपास होऊ द्या, मग फैसला.

ते स्वतः परभणीची मैफल पडली, या मताचे होते. कानाची पाळी धरून म्हणाले, "परभणीला बुवा पाव तास गायले आणि शिष्याला पुढं करून मागं टेकून बसले. गवई स्वतःच गैरहाजर राहिला तर मुकद्दमा उभा कसा राहणार?"

पाटलांना हे पटेना. ते तिन्ही मैफलींना गेलेले एकटेच. ताडकळसला तर रात्रभर बैलगाडीत बसून गेले होते. "कमी गायले म्हनून काय वाईट गायले? आन् ताडकळसचं काय सांगता. तिकडं वऱ्हाडी जेवायलेत, भाईर बँडवाला वाजवायलाय, आन् मधी बुवा गायलेत. तुमी गाऊन दाखवा तसं."

"म्हणजे तुमच्या मते तिन्हीपैकी एकही पडली नाही?" मी विचारलं.

"न्हाई. मला ते सुरातलं काई कळत न्हाई. पर माज्या अंगावर काटा आला, तो काय खोटा व्हता?"

"हा गवाह भावनेच्या आहारी गेलेला आहे," वकीलसाहेब म्हणाले. "पेटीमास्तर, तुम्ही बोला."

पेटीमास्तर फार बोलत नसत. पण सेलूच्या मैफलीत साथीला तेच होते, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होतं. "सेलू," ते म्हणाले. "बुवांचा षड्ज खाली येत होता. माझं बोट पट्टीवर होतं, म्हणून सांगतो." मग त्यांनीही कान पकडला, आणि पकडलेला बराच वेळ सोडला नाही.

गंमत अशी की सेलूच्या त्या गाण्याला मीही होतो आणि मला काही ठरवता येत नव्हतं. षड्ज उतरला असं एकदा वाटायचं, लगेच वाटायचं नाही, लागला. ऐकलेल्या दहा जणांना गाठून विचारलं तर पाच जण म्हणाले बेसूर होते, पाच म्हणाले पेटीमास्तरांचीच पेटी जुनी आहे. एकाच खोलीत बसून एकच गाणं ऐकलेल्या माणसांची अशी दोन मतं कशी होतात, याचं मला कोडं पडलं. जिनिंगची जागाच बुवांनी का मागावी, हे दुसरं कोडं. देऊळ होतं, शाळा होती. वकीलसाहेबांचं म्हणणं होतं की जिनिंगच्या शेठजींकडचं जेवण बुवांना मानवलं असणार. तेही आम्ही खरं धरून चाललो.

मग एका मंगळवारी माझ्या वर्गात कोडं सुटलं, निदान मला तसं वाटलं. मी गोदावरीचा उगम सांगत होतो आणि एकाएकी माझा आवाज मलाच इतका मोठा ऐकू आला की मी दचकलो. पोरंही दचकली. शेजारच्या वर्गातून हेडमास्तर येऊन म्हणाले, "मास्तर, वर्गात बोला, स्टेशनावर नव्हे." पण बोलताना तेही ओरडतच होते. जिनिंगच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता आणि कारखाना बंद पडला होता.

कापसाच्या हंगामात सेलूत जिनिंग दिवसभर चाले. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडलेली की ती आम्हाला ऐकूच येत नसे. ती ओलांडून बोलायची सवय मात्र प्रत्येकाला लागलेली. आमच्या गावची माणसं सोयरिकीला बाहेर गेली की लोक म्हणत, ही मंडळी भांडायला आलीत की काय. आणि बुवा गायले होते ते ऐन हंगामात, कारखान्याच्या आवारातल्या लांबट खोलीत, एका भिंतीपलीकडे इंजिन चालू असताना. आमच्यापैकी एकालाही हे खटकलं नव्हतं. खोलीत बाहेरगावचा कान एकच होता, बुवांचा.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाल्यावर मी पेटीमास्तरांना पेटीसकट तिकडं नेलं. इंजिनाच्या मिस्त्रीला आमचं काय चाललंय ते कळेना, पण त्यानं बसायला पोतं दिलं. पेटीमास्तर भिंतीला कान लावून बसले, भात्यावर हात, एकेक पट्टी दाबून पाहत. काळी एकवर थांबले. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "घरघर काळी एकच्या जराशी खाली आहे. बुवांचा षड्ज उतरत होता तो इथंच येऊन बसत होता." त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांची माया आली. वर्षभर ते बुवांना बेसूर म्हटल्याचं ओझं घेऊन फिरत होते.

शुक्रवारी मी ओसरीवर सगळी हकीकत मांडली. थकलेला कान, शेजारी इंजिनाचा अखंड सूर, तंबोऱ्यापेक्षा मोठा. बुवा त्याकडं ओढले गेले, दोष जिनिंगचा. वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बुवा बाइज्जत बरी."

"मी काय म्हनत व्हतो," पाटील म्हणाले.

त्याच दिवशी निमंत्रण गेलं. जागा बुवांनी मागितलेली तीच, पण त्या दुपारी कारखाना बंद ठेवायचा, ही अट माझी. शेठजी कुरकुरले. हंगामात आवाराबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे आणि गाडीवान दोन-दोन दिवस खोळंबलेले असत. त्यांना समजावायला पाटील गेले. त्यांची स्वतःची गाडी रांगेत होती. काय बोलले कोण जाणे, पण गाडीवान म्हणाले, चार ते सहा इंजिन बंद ठेवा, आमी बी भिंतीला बसून ऐकतो.

बुवा आले. वर्षभरात ते निम्मे झाले होते, पण पगडी तशीच ताठ होती. खोली भरली होती. चार वाजता मिस्त्रीनं इंजिन थांबवलं आणि सेलूवर अशी शांतता पसरली की लोक एकमेकांकडं पाहू लागले. बुवांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिले. मग तंबोरे लावून घेतले आणि सुरुवात केली.

मी अगदी पुढं बसलो होतो, आपला मुद्दा सिद्ध होताना पाहायला.

पहिल्या षड्जालाच कळलं. तो कापत होता. शब्द तोंडातून सुटताना दातांच्या फटीतून बारीक शीळ येत होती. ताना अर्ध्यावर श्वासासाठी थांबत होत्या आणि तो श्वासही आम्हाला ऐकू येत होता. वरच्या षड्जाकडं बुवा तीनदा गेले आणि तिन्ही वेळा तो लागला नाही. पेटीमास्तरांनी ती पट्टी हळूच, आपलं काम म्हणून, दाबून धरली, त्यामुळं किती कमी पडलं तेही कळलं. पाटील खाली पाहत होते. बाहेरच्या गाडीवानांपैकीही कुणी "वा" म्हटलं नाही. पाऊण तासानं बुवांनी हात जोडले.

या वेळी दहा जणांना गाठून विचारायची गरज नव्हती.

नंतर शेठजींच्या बैठकीत चहा आला. बुवांच्या शेजारी मी होतो. बशीत चहा ओतून घेत त्यांनी सहज विचारलं, "आज कारखान्याला सुट्टी होती का?"

मला अजूनही काही उमगलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही बुवा. आपल्यासाठी मुद्दाम बंद ठेवायला लावला. मीच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोरानं मन लावून चुकीचं उत्तर पाठ करून आणलं की मी त्याच्याकडं जसा पाहत असे, तसं. "बरं केलंत," ते म्हणाले. बशी रिकामी करून खाली ठेवली आणि मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "वरचा सा चार वर्षं झाली, हाताला लागत नाही. पण माणसानं गायचं सोडून दुसरं काय करावं? मागल्या खेपेला त्या घरघरीत तो मिसळून जायचा. म्हणून तर मी ही जागा मागून घेतली होती. तुम्हा लोकांची दोन मतं झाली असतील ना तेव्हा?"

"झाली," मी म्हणालो.

"मला तेवढी पुरत होती."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. जे तो माणूस झाकू पाहत होता, तेच मी गाव गोळा करून उघडं पाडलं होतं, आणि वर बढाईही मारली होती. माफी मागायला तोंड उघडलं तर बुवांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शेठजींना म्हणाले, गाडीची वेळ झाली.

स्टेशनवर पोचवायला टांग्यात मीच बसलो. बसणं भाग होतं, बाकीचे सगळे काही ना काही कारण काढून मागं राहिले होते. टांगा आवाराच्या फाटकाशी आला तेवढ्यात सहा वाजले आणि मिस्त्रीनं कबूल केल्याप्रमाणं इंजिन सुरू केलं. रांगेतले गाडीवान उठून बैलांना चुचकारू लागले. घरघर वाढत गेली आणि एका सुरावर स्थिर झाली. गेले कित्येक दिवस मी कान देऊन ऐकत असल्यामुळं मला आता ती ऐकू येत होती.

बुवांनी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. डोळे मिटले, कानाची पाळी धरली आणि हलकेच वरचा षड्ज लावला. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. तो लागला की नाही, हे नीट कान दिला असता तर मला नक्की कळलं असतं. मी मान वळवून बैल मोजू लागलो.

पुढच्या शुक्रवारी वकीलसाहेबांनी विचारलं, "टांग्यात बुवा काही गुणगुणले म्हणे. कसं होतं?"

मी म्हणालो, "इंजिन चालू होतं. मला सांगता येणार नाही."

"लागला आसंल," पाटील म्हणाले. पेटीमास्तर म्हणाले, "नसेल." आणि दोघांची जुंपली ती दुपारच्या जेवणापर्यंत.