साडीच्या दुकानाचा उतार

रायपूर राजधानी होऊन बरीच वर्षं झाली, मंत्रालय शहराबाहेर गेलं, तरी मी साड्या मात्र रस्त्यावरच घेत होते. पुरानी बस्तीजवळच्या आमच्या नेहमीच्या दुकानाला तीन पायऱ्या, आणि माझे पाय लहानपणीच पोलिओने नेलेले. सेठ मोठ्या अगत्याने पाच-सहा साड्या बाहेर पाठवायचे आणि मी रिक्षात बसून त्यातली एक निवडायची. चहासुद्धा रिक्षातच यायचा. तक्रारीला जागाच नाही, आणि माझा जीव नेमका त्यानेच जळायचा.

मग चाळिशीच्या उंबरठ्यावर माझं लग्न ठरलं. मी आईला सांगून टाकलं, लग्नाची साडी मी दुकानात जाऊन, सगळी कपाटं उघडायला लावून घेणार.

"पोट्टे, दोघं जणं उचलून नेतील ना तुले," आई म्हणाली. "काहून लोकायले तरास देऊन राहिली?"

उचलून! तिला त्यात काही वाटत नसे, कारण जन्मभर तिनेच मला उचललं होतं. पण परक्या माणसांच्या काखेत लटकून, पदर कुठे नि चप्पल कुठे अशा अवतारात मला साडी बघायला जायचं नव्हतं.

माझी नोकरी सरकारी. अपंगांच्या हक्कांच्या नव्या कायद्याची परिपत्रकं टाईप करून करून तो मला तोंडपाठ झाला होता. सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याने सगळ्यांना आत येता येईल अशी सोय करायची. हे मी सेठना रिक्षातूनच ऐकवलं. ते हव, हव करत नुसती मान डोलवत राहिले. कायद्याला ते फारसे घाबरले नाहीत, पण घरच्या लग्नाचा बस्ता दुसरीकडे बांधू म्हटल्यावर गवंडी लगेच आला. उतार कसा हवा तेही मीच सांगितलं, फूटभर उंचीला बारा फूट लांबी. सेठ म्हणाले, मग तो समोरच्या हलवायाच्या कढईत जाऊन पडेल. शेवटी भिंतीला लागून जागा निघाली आणि बायकांसोबत आलेल्या नवऱ्यांचं बाकडं गेलं. ते बिचारे अजून उभेच असतात, त्याचं पाप माझ्या माथी.

काम झाल्यावर सेठचा निरोप आला, बोहनी, म्हणजे पहिली खरेदी, दीदीच्याच हातची. आम्ही मायलेकी सकाळी पोचलो, मी रिक्षातून व्हीलचेअरवर बसले, तर सेठाणीने पहाटे उठून अख्ख्या उतारावर तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा चौक भरलेला. वेली, कमळं, कडेने झेंडू. पाहुण्याच्या मानासाठी दारात चौक भरायचा ही इकडची रीत, आणि भरलेल्या चौकावर पाय द्यायचा नाही, हीही इकडचीच. सेठ दोन नोकरांना घेऊन पायऱ्या उतरून आले.

"दीदी, चौक बिगड़ जाएगा। आज भर उठा लेते हैं।"

मला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला की कान तापले. आई हळूच म्हणाली, आजच्या दिवस जाऊ दे. मी सेठना विचारलं, हे बांधलं कोणासाठी? ते म्हणाले, आप ही के लिए.

"फिर मुझे आने दीजिए," मी म्हटलं आणि व्हीलचेअरची चाकं फिरवली.

कमळ गेलं, वेल गेली. सेठाणीकडे मी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हात थांबले असते. वर पोचले तेव्हा दंड भरून आले होते आणि मला फार, फार आनंद झाला होता. पिठाचे दोन पट्टे माझ्यामागून थेट गादीपर्यंत आले.

आत भिंतभर कपाटं, छतापर्यंत. इतकी वर्षं रिक्षाशी साड्या आणून देणाऱ्या भैयाने सवयीने फिक्या सुती साड्यांचा गठ्ठा पुढे केला. मी लग्नाच्या दाखवा म्हटलं. तो एकदम खुलला. मग माझ्यामागे, आईच्या मागे, दाराकडे बघू लागला. सेठही बघू लागले आणि त्यांनी विचारलं,

"दुल्हन को साथ नहीं लाए, दीदी?"

सकाळपासून संकोचाने अंग चोरून उभी असलेली माझी आई गादीवर हात आपटून म्हणाली, "यही है दुल्हन। ऊपर वाले खाने से उतारो।"

शिडीवर सेठ स्वतः चढले.