तीन डझनाची केबल

रत्नागिरीतल्या एका आंबा बागायतदार संस्थेत मी अकरा वर्षं तात्पुरती लिपिक होते. तात्पुरती म्हणजे किती, तर माझ्यानंतर घेतलेलं टेबल मोडून भंगारात गेलं आणि मी तिथेच होते. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी शब्द दिला होता: नव्या जागेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून सुरू झाले की पुढच्याच बैठकीत मला कायम करायचं. त्यामुळे नव्या ऑफिसात केबल कोणती घालायची, या प्रश्नात अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त जीव माझा गुंतला होता.

केबलवाला इंजिनिअर दोन नमुने घेऊन आला. एक कॅट फाइव्ह, दुसरी कॅट सिक्स. चिऱ्याच्या भिंतींना भोकं पाडायची तर एकदाच पाडू, सिक्स थोडी महाग आहे पण पुढे बरीच वर्षं बघायला नको, असं त्याचं म्हणणं. कार्यकारिणीतले सातही जण बागायतदार. त्यांनी दोन्ही तुकडे अंगठ्याने दाबून पाहिले, एकाने तर वासही घेतला. मग भाऊंनी इंजिनिअरकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याची दया आली.

आंब्यात न वाढलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे पेटी तीच असते, फळ बदलतं. पेटीत चार डझन बसले तर फळ मोठं, पाच बसले तर त्याहून लहान, सहा बसले तर बारीक. आकडा लहान तितका माल भारी. हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. आणि हा घाटावरचा माणूस सहाचा माल पाचापेक्षा महाग सांगत होता, तोही भर सभेत.

"पाच घ्यायची," भाऊ म्हणाले. "आणि चार आहे काय?"

इंजिनिअर म्हणाला, चार आता कुठेच मिळत नाही. भाऊंनी समजूतदारपणे मान हलवली. चांगला माल आधी वाशीच्या बाजारात जातो, त्यात नवल काय, असं त्यांनी सभेला समजावलं. तेवढ्यात देवरूखच्या सदस्यांना आठवलं की त्यांच्या साडूकडे मुंबईत कॅट थ्रीचं एक जुनं वेटोळं पडून आहे. सगळे खुर्चीत पुढे सरकले. आमचे उपाध्यक्ष, बाग घेण्याआधी आंब्याच्या बोटींवर राबलेले चाचा, म्हणाले की तीन डझनाची पेटी त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली आहे. साडूकडून वेटोळं मागवायचं सर्वानुमते ठरलं आणि तो ठराव मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. मला कळत होतं हो. पण तात्पुरत्या माणसाने सभेला शहाणपण शिकवायचं नसतं, एवढं अकरा वर्षांत मी शिकले होते.

वेटोळं आलं. ती टेलिफोनची जुनी वायर होती. तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला. इंजिनिअरने ती दोन मशिनांना जोडली आणि कसलाच दिवा लागला नाही. तो हात बांधून उभा राहिला. त्याला वाटलं, आता तरी हे लोक ऐकतील.

"फळ मोठं आहे," भाऊ म्हणाले. "पिकायला वेळ घेणारच."

चार दिवस थांबायचं ठरलं. खिडक्या बंद, पंखा बंद, वायरीला जरा ऊब लागू दे म्हणून. त्या खोलीत बसायची मी. रोज सकाळी भाऊ येऊन वेटोळ्यावर हात फिरवायचे आणि अजून कच्चं आहे असं सांगून जायचे. चौथ्या दिवशी घामाने माझी साडी पाठीला चिकटली होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

"भाऊ, तुमचा आधीचा फोन फोर जी होता. आता फाइव्ह जी घेतलात. मग फळ बारीक झालं काय?"

भाऊंनी फोन खिशातून काढला, उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, गेली माझी नोकरी.

"म्हंजे ऑफिसात आकडा चढता असतो?"

"चढता असतो, भाऊ."

कॅट सिक्स आली, एका दुपारीत सगळी मशिनं सुरू झाली. भाऊ भेटेल त्याला हे नवं ज्ञान सांगत सुटले. बाग वेगळी, ऑफिस वेगळं, ऑफिसात आकडा चढता आणि हे आमच्या बाईंनी शिकवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ती बैठक आली. मला कायम करण्याच्या कागदावर 'लिपिक, श्रेणी तीन' असं लिहिलेलं होतं. भाऊंनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ज्या बाईंनी आपले डोळे उघडले त्यांना आपण तीन द्यायची? चार करा."

सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊंनी स्वतःच्या पेनाने तीन खोडून चार केलं आणि सही ठोकली.

श्रेणी चार म्हणजे शिपाई. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. केबलसाठी माझी जीभ चालली होती, स्वतःसाठी चालेना. एवढ्या प्रेमाने दिलेलं कसं परत करायचं? मी आभार मानले आणि व्हरांड्यात येऊन बाकड्यावर बसले. हसू येत होतं आणि रडूही.

वीस वर्षं श्रेणी चारमध्ये असलेले आमचे शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन तिथेच बसले होते. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता घंटी वाजली की कोणी जायचं, तेवढं ठरवून ठेवूया, बाई," ते म्हणाले.

आमचं काही ठरायच्या आत आतून घंटी वाजली. आम्ही दोघंही उठलो.