वर्दीच्या खिशातला पंप

एक प्रकरण आजही आठवलं की मी एकटीच हसते. त्यातला मुद्देमाल कित्येक दिवस खुद्द माझ्याच खिशात होता. तपास अधिकारी मी, आणि माल सांभाळणारीही मीच.

तेव्हा सावद्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी होते. निवृत्ती जवळ आलेली, नुकतीच आजी झालेली, आणि माणूस बघताक्षणी ओळखते असा तोरा. सकाळी ठाण्यामागच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींचा सराव घ्यायचे. त्यांत केळी बागायतदाराची एक मुलगी होती. आठशे मीटर अशी पळायची की मी तोंडात शिट्टी धरून नुसती बघत राहायचे. घरून तिला भरतीची एकच संधी मिळाली होती.

मग ती मागे पडू लागली. शेवटच्या फेरीत छातीवर हात धरून थांबायची. एकदा तिच्या खिशातून काहीतरी पडलं. गुलाबी, बोटभर लांब, एका टोकाला निमुळतं.

"काय गं हे?" मी विचारलं. तिचा चेहरा उतरला. लगेच मीच म्हणाले, "दम्याचा पंप? आधी नाही का सांगायचं, वेडाबाई!"

चौकशीत प्रश्न विचारून उत्तर आपणच देऊ नये, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी वर्गाला सुट्टी असावी.

पुढे तर कळस केला. पळताना पडू नये म्हणून तो 'पंप' मी रोज माझ्या खिशात ठेवून घ्यायचे आणि सराव संपला की परत द्यायचे. वर आग्रह, "घे बाळा, ओढ. लाजू नकोस." ती मान खाली घालून म्हणायची, "नंतर घेते मॅडम." मला वाटायचं, किती सोशिक पोर!

एके दिवशी तो परत द्यायचा राहिला आणि मी तशीच जीपमध्ये बसून जळगावला क्राइम मीटिंगला गेले. टेबलाशी पुढे झुकले, बटण दाबलं गेलं, आणि खिशातून निळा उजेड नि वाफेची बारीक रेघ निघाली. दालनभर गोड वास.

अधीक्षक साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या खिशात काय पेटलंय?"

"दम्याचा पंप आहे सर. एका मुलीचा."

मी तो काढून टेबलावर ठेवला. शेजारी भुसावळचे निरीक्षक बसले होते. ते हळूच म्हणाले, "अक्का, पंपाला चार्जिंगचं भोक कशाला? ही बंदी असलेली ई-सिगारेट आहे. आमच्याकडे एका मोबाइल कव्हरच्या दुकानात चोरून विकतात, अशी कालच खबर आलीय. तुम्ही तर नमुनाच घेऊन आलात!"

साहेब तेव्हा हसले नाहीत. मीटिंग संपून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा मात्र दालनातून त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या सकाळी मुलीला मैदानाच्या कट्ट्यावर बसवलं. ठाण्यात नेलं असतं तर ती रडली असती, बोलली नसती. मला ती नको, ते विकणारा हवा होता, हेही आधीच सांगितलं. चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला. "दम लागतो म्हणून हे ओढतेस, की ओढायला लागल्यावर दम लागायला लागला?"

आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढं नीट लागलं की निम्मा तपास होतो.

चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "आधी ओढायचे मॅडम. दुकानदार म्हणाला, नुसती वाफ आहे, सर्दीला घेतो तशी. भूक कमी लागते, वजन वाढत नाही. आता नाही ओढलं तर हात थरथरतात. घरी आबांना सांगू नका, माझं पळणं बंद करतील."

दुकान तेच निघालं, भुसावळचं. बनावट गिऱ्हाईक म्हणून नऊवारी नेसून मीच गेले. पंच शेजारी कव्हर बघत उभे.

"आजी, तुम्हाले कायले पायजे ते?" दुकानदाराने विचारलं.

"मले नही रे भाऊ, नातवाले. चांगल्या वासाचं दे."

"आंबा देऊ का केळी?"

"केळी नको," मी म्हणाले, "घरी बाग आहे."

त्याने काउंटरखालून खोकं काढलं आणि साध्या कपड्यातले निरीक्षक पुढे झाले. माल जप्त झाला, पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. माझं वर्दीचं काम तिथे संपलं. मुलीचं अजून व्हायचं होतं.

तिला जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी विचारलं, "पुढे काय होईल?" ते म्हणाले, "आज श्वासनलिकांना सूज आहे. सोडलं तर बरीच उतरेल. निकोटीनची सवय लागते, फुफ्फुसांना नि हृदयाला त्रास होतो, एवढं दिसतंय. वीस-तीस वर्षांनी काय, ते खात्रीने सांगता येत नाही. ही वस्तू आलीच अलीकडे."

खात्री नाही म्हणून ओढत राहायचं नाही, हे मला लगेच पटलं. तपास पूर्ण व्हायचाय म्हणून आम्ही संशयिताला मोकळं फिरू देत नाही.

आबांना तिनेच सांगितलं. ते दोन दिवस धुमसले, तिसऱ्या दिवशी स्वतः तिला मैदानावर सोडायला आले. सोडणं सोपं नव्हतं. चिडायची, रडायची, माझ्यावर खेकसायची. मी खिशातून बडीशेप काढून द्यायचे. त्या वर्षी ती भरती झाली, अगदी काठावर, पण झाली.

त्या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, की माया दाटून आली की डोळे जरा जास्त उघडे ठेवावेत. तेव्हाची ती तोऱ्यातली प्रभारी बाई आठवली की तिच्याच पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

परवा मुलगी धुळ्याहून भेटायला आली. आता तिथे शिपाई आहे, शाळांमधून मुलींशी बोलायला जाते. माझा जिना चढून आली तेव्हा तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. जिना चढला की वाजते म्हणाली. जाईल का, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मी विचारलं, "शाळेत काय सांगतेस गं?"

ती हसत म्हणाली, "आधी तुमच्या खिशाची गोष्ट सांगते मॅडम. पोरी पोट धरधरून हसतात. मग मी शाळेचा जिना पळत चढून येते आणि म्हणते, आता या, माझ्या छातीला कान लावा."