चाचीने मागे घेतलेले हात

मणेर चाची बायकांना तोंडावरून नव्हे, हातावरून ओळखायची. विट्याच्या बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान होतं, चार फळ्यांचं. समोर कोण बसलंय हे न बघताच ती हात ओढून घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबायची आणि बोलायला लागायची. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा बांगड्या भरायला गेले, तेव्हा हात धरल्याधरल्या तिनं विचारलं, "सासरी पोटभर जेवत न्हाईस व्हय गं?" घरात कुणी विचारलं नव्हतं. मी चार गिऱ्हाइकांदेखत ढसाढसा रडले.

बांगडी फुटली असं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "वाढली म्हणावं," असं ती दटावायची आणि दुसरी काढायची.

अशा बाईनं कोरोनात दुकानासमोर दोरी बांधली, साबणाची बादली ठेवली आणि जाहीर केलं, "मास्क न्हाई, तर बांगडी न्हाई." पेठेत तेव्हा सगळ्यांचे मास्क हनुवटीवर असत. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी दिसली की नाकावर चढत, गाडी गेली की खाली. चाचीच्या दोरीवर बायका चिडल्या. एक जण फणकारली, "आमच्या हाताला किडं पडल्यात व्हय?" चाची म्हणाली, "माज्या हाताला पडल्यात आसं समज आन् धू." पुरुष चहा पिता पिता हसायचे, "चाचीला मरनाचं लय भ्या." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं. मीही त्या हसण्यात सामील होते, हे लपवून काय करू?

हसण्याखाली भीती होती, आणि ती वाईट होती. दक्षिणेतल्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानातून एक जण बायकोसह गावी परतला, तर आमच्या गल्लीनं त्यांना नळावर येऊ दिलं नाही. त्याला ताप नव्हता, खोकलाही नव्हता. नुसता बाहेरून आला होता.

त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं, रेखाचं लग्न ठरलं. मोजक्या माणसांत, पण चुडा तर भरायलाच हवा. आमच्या घरातल्या सगळ्या लेकींचा चुडा चाचीनंच भरला होता. रेखाला तर ती लहानपणापासून म्हणायची, "तुजा चुडा माज्या हातचा."

चुड्याच्या दिवशी चाची सांगितलेल्या वेळी आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. तोंडावर मास्क, त्यावर पदर. साबणात धुतलेल्या हिरव्या बांगड्यांची टोपली तिनं चिमट्यानं कट्ट्यावर सरकवली आणि आईला म्हणाली, "वैनी, आज तुमी भरा. मी हितनं सांगते."

अंगणातल्या बायका कुजबुजू लागल्या. आईनं जन्मात कुणाला बांगडी भरली नव्हती. पण नवरी पाटावर बसलेली, वेळ टळत चाललेली, शेवटी आईच तिच्यासमोर बसली. चाची रस्त्यावरून सांगत होती, "साबण लावा. अंगठा आत दुमडा. हाड दाबा, भिऊ नगा." दोन बांगड्या गेल्या. तिसरी कडकन फुटली आणि रेखाच्या मनगटावर रक्त आलं.

"वाढली. दुसरी घ्या," चाची म्हणाली.

दमा असलेली माझी आत्या ताडकन उठली. "लग्नघरात रगत काढलंस! पोरीला हात लावायचा इटाळ हुतो व्हय तुला?" फाटक उघडून ती रस्त्यावर गेली आणि आपला हात तिनं चाचीच्या पुढ्यात धरला. "पोरीला न्हाई तर मला घाल. बघू काय हुतंय!"

चाचीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आत्या एक पाऊल पुढे गेली, चाची एक पाऊल मागे, पार गटाराच्या काठापर्यंत. "मागं सरा वो आक्का!" ती ओरडली. इतक्या वर्षांत तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

माझंही डोकं फिरलं. मी म्हणाले, "येवढं भ्या हाय तर आला कशाला तुमी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "शबूद दिला हुता," एवढंच म्हणाली. आई भरत राहिली, ती सांगत राहिली. शेवटची बांगडी चढल्यावर रेखाच्या हातांना तिनं लांबूनच नमस्कार केला आणि गेली. जाताना तिला कुणी साधा लाडूसुद्धा दिला नाही.

लग्न पार पडलं. चौथ्या दिवशी पेठेतला रस्ता बंद करायला पत्रे ठोकले. चाची आणि तिचे मालक, चाचा, दोघांनाही सांगलीला दवाखान्यात नेलं होतं. चाचा परत आले, चाची आली नाही.

तिच्या सुनेनं मग फोनवर सांगितलं. आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी चाचांना ताप भरला होता, आणि त्या सकाळी चाचीला चहाचा वास आला नव्हता. तिनं आम्हाला सांगायला हवं होतं का? हवं होतं. यायलाच नको होतं. पण ताप आहे म्हणणाऱ्याचं आम्ही काय करत होतो, तेही मला माहीत आहे. तिच्या घराचं पाणी तुटलं असतं आणि आमचं लग्न मोडलं असतं.

आमच्या अंगणातल्या एकाही बाईला काही झालं नाही.

मी फोन ठेवून हे सगळं घरात सांगितलं. आई रडत आत गेली. आत्या मात्र जागची हलली नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "मीच की गं हात फुडं केला हुता."